नेमणूकपत्रावर नाव कोणाचे?

संपादक महोदय,

आयटीआयचे निकाल लागले की मराठवाडा-विदर्भातली मुले भोसरी-चाकण पट्ट्यात कामाला येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘हातात किती?’ मी एका कारखान्यात पगारपत्रके तयार करते. हा प्रश्न अपुरा आहे हे मला रोज दिसते, म्हणून हे पत्र.

नुकतीच माझ्या भाच्यापुढे दोन कामे होती. लहान कंपनीत कायम नोकरी, हातात १९,५०० रुपये. आणि मोठ्या कारखान्यात ठेकेदारामार्फत काम, हातात २३,०००. घरातल्या सगळ्यांचा कौल २३ हजारांना. मी त्याला म्हटले, ठेकेदाराला पीएफचे विचार. उत्तर आले, ‘हवा असेल तर दोन्ही वाटे यातूनच कापू.’ मूळ पगार १५,००० धरला तर कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के मिळून ३,६०० रुपये. उरले १९,४००! मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापायला कायद्याने मनाई आहे, पण हे त्या मुलांना सांगणार कोण? भरपगारी रजा, बोनस यांचा तर विषयही निघाला नव्हता.

पण मला सर्वांत जास्त टोचते ते पेन्शन. निविदा बदलली की ठेकेदार बदलतो. गेट तेच, मशीन तेच, सुपरवायझर तोच. पीएफचे खाते मात्र नवे. जुने खाते नव्यात वर्ग करायचे सोडून मुले पैसे काढून घेतात. कोणाच्या बहिणीचे लग्न असते, कोणाच्या घरी बोअर मारायची असते. त्यांना दोष कसा देऊ? पण पीएफसोबतच जमा होणारे पेन्शनचे पैसेही काढले की तेवढी सेवा पुसली जाते, आणि पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते. तिशी ओलांडलेली, सतत राबलेली माणसे माझ्यासमोर बसतात आणि त्यांची नोंदलेली सेवा निघते जेमतेम दोन वर्षांची. दर वेळी मालक नवा दाखवल्याने ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांची, पाच वर्षेही भरत नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ठराविक मुदतीच्या कामगाराला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे, आणि तेच काम करणाऱ्या कायम कामगाराइतका पगार व सवलतीही. पण हे मालकाने स्वतः, लेखी, मुदतीवर नेमलेल्यांसाठी. ठेकेदाराने नुसते गेटपास देऊन आत सोडलेली मुलेही स्वतःला ‘कॉन्ट्रॅक्टवर’च म्हणवतात आणि हा लाभ आपल्यालाही मिळणार असे धरून चालतात. म्हणून माझे सांगणे एवढेच, की ‘कायम की कंत्राटी’ याच्याही आधी नेमणूकपत्रावर नाव कोणाचे आहे ते पाहा.

सगळेच कंत्राटी काम वाईट असे मी म्हणत नाही. शटडाऊनच्या, म्हणजे कारखाना बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीच्या, कामावर फिरणाऱ्या कसबी वेल्डरला रोजाचा दर चांगला मिळतो, आणि तो हिशेब करूनच जातो. एकोणीस वर्षांच्या फिटरला तो हिशेब कोणी शिकवलेला नसतो. आयटीआयमध्ये ‘रोजगार कौशल्ये’ हा विषय आहेच. पगाराची पावती वाचणे, पीएफचे पासबुक तपासणे आणि ठेकेदार बदलल्यावर खाते वर्ग करणे हे त्यात प्रत्यक्ष करून घ्यावे, आणि ते मुलांच्या हाती प्रमाणपत्र पडण्याआधी व्हावे, अशी कौशल्य विकास विभागाला माझी कळकळीची विनंती आहे.

– पगारपत्रक विभागातील एक कर्मचारी, भोसरी, पुणे