समाचाराला जाताना

मुंबई,
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र शुक्रवारी हाती पडले. धर्मेंद्र गेल्याचे कळताच तू दुकानाचे शटर खाली ओढलेस, मुलाकडून फोटो छापून आणवलास आणि त्याला हार घातलास, हे वाचताना तू डोळ्यांसमोर उभा राहिलास. पण पुढे तू लिहिले आहेस की, घरच्यांनी अंत्यसंस्कार घाईने उरकले, चाहत्यांना अंत्यदर्शन घेऊ दिले नाही, आणि १९६० पासून ज्या माणसावर लोकांनी जीव टाकला त्याच्यावर लोकांचा एवढाही हक्क नव्हता का. तुझे दुःख खरे आहे, याविषयी मला शंका नाही. तरीही या बाबतीत मी तुझ्या बाजूने नाही, आणि ते तुला मोकळेपणाने सांगावे म्हणून आज रविवारची सकाळ राखून ठेवली.

लोकांनी रस्त्यावर येऊन शोक करणे या शहराला नवे नाही. १९२० साली १ ऑगस्टला सरदारगृहात लोकमान्य गेले, तेव्हा त्यांना अग्नी स्मशानात नव्हे, तर गिरगाव चौपाटीच्या वाळूवर द्यावा लागला, इतका जनसमुदाय लोटला होता. लताबाई गेल्या तो ६ फेब्रुवारी २०२२ चा रविवार मला चांगला आठवतो. आईला घेऊन मी शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ उभा होतो. आत काय चालले आहे ते आम्हांला दिसत नव्हते. दिसत होत्या त्या पुढच्या माणसांच्या पाठी आणि नंतर उठलेला धूर. आईने पदर तोंडाला लावला आणि घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तो शोक सार्वजनिक होता आणि त्यात कोणाची आगळीक नव्हती, कारण त्या दिवशी घरच्यांनी आणि सरकारने मिळून लोकांसाठी दार उघडले होते. मात्र त्याच संध्याकाळी शाहरुख खानने दुआ मागून पार्थिवावर फुंकर घातली, ती थुंकी असल्याचे सांगत लोकांनी समाजमाध्यमांवर गलिच्छ वाद उकरून काढला. चिता विझायच्या आत एका माणसाच्या प्रार्थनेची अशी चिरफाड झाली. म्हणजे उघडलेल्या दारातून आत येणारे सगळेच नमस्कार करायला येतात असे नाही.

आता या महिन्यात काय घडले ते आठव. ११ नोव्हेंबरला, माणूस जिवंत असताना, वाहिन्यांनी धर्मेंद्र यांना मारून टाकले आणि श्रद्धांजलीचे संदेश सुरू झाले. मुलीला आणि पत्नीला जाहीरपणे सांगावे लागले की, ते आहेत, उपचारांना प्रतिसाद देत आहेत. त्याच सुमारास रुग्णशय्येभोवती हंबरडा फोडणाऱ्या घरच्यांची चित्रफीत बाहेर फुटली आणि घराघरांतल्या मोबाइलवर फिरली. तुलाही ती आली असेल. मलाही आली होती. ज्या घराने तेरा दिवसांपूर्वी हे सोसले, त्याने २४ तारखेला कोणाला न सांगता रुग्णवाहिका थेट विलेपार्ल्याच्या पवनहंस स्मशानभूमीत नेली, यात मला घाई दिसत नाही. उरलेले थोडेसे तरी आपल्यापुरते राखावे, एवढीच त्यांची धडपड होती.

हे मी इतक्या ठामपणे म्हणतो, त्याचे कारण आमच्या घरात आहे आणि ते मी तुला आजवर सांगितले नव्हते. बाबा गेले त्या रात्री ताई नागपूरहून निघालेली होती. तिला आम्ही ‘तब्येत जास्त आहे’ एवढेच सांगितले होते. दादरला उतरवून घेऊ, घरी आणू आणि मग सांगू, असे ठरले होते. आमच्याच नात्यातल्या एकाने हॉस्पिटलमध्ये, बाबांच्या नाकातला कापूस दिसत असताना, फोटो काढला आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. पहाटे गाडी इगतपुरीला थांबली, ताईच्या फोनला रेंज आली आणि पहिली गोष्ट तिने पाहिली ती तो फोटो. कसारा घाट ती एकटी, अनोळखी माणसांमध्ये बसून उतरली. त्या नातेवाइकाच्या मनात वाईट काही नव्हते, उलट त्याला बाबांविषयी प्रेमच होते. पण ताई अजूनही बाबांचा चेहरा आठवू लागली की आधी तो कापूस आठवतो. बाबांना ओळखणारी माणसे दोन-तीनशे असतील. ज्यांना कोट्यवधी ओळखतात त्यांच्या मुलींचे काय होत असेल?

आपल्याकडे कोणी गेले की ‘समाचाराला जाणे’ म्हणतात. हिंदीत तोच शब्द बातमीसाठी वापरतात, आणि गेली काही वर्षे आपण पहिल्या अर्थाकडून दुसऱ्याकडे सरकलो आहोत असे मला वाटते. समाचाराला जाणारा माणूस चपला बाहेर काढतो, भिंतीला टेकून बसतो, विचारल्याशिवाय बोलत नाही, शेजारच्या घरून पिठले-भात येतो, आणि निघताना ‘येतो’ म्हणायचे नसते म्हणून तो नुसता उठून जातो. ‘कसे झाले, कोण जवळ होते, शेवटी काय म्हणाले’ हे घरच्यांनी सांगितले तर ऐकायचे असते, खोदून काढायचे नसते. २०१८ मध्ये श्रीदेवी दुबईत गेल्या तेव्हा वार्ताहर बाथटबपाशी जाऊन मृत्यूचे प्रात्यक्षिक दाखवत होते. २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या पार्थिवाची छायाचित्रे इतकी पसरली की महाराष्ट्र सायबर विभागाला ती न पाठवण्याची ताकीद द्यावी लागली.

कायद्याकडून फार आशा ठेवता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये वाहिन्या पडद्यावर चालवतात त्या समांतर खटल्यांना, म्हणजे ‘मीडिया ट्रायल’ला, फटकारले खरे, पण दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले की, खासगीपणाचा हक्क माणसाबरोबरच संपतो, तो वारसांकडे जात नाही. मग मागे उरलेल्यांना सांभाळणार ते आपण, ज्यांच्या हातात मोबाइल आहे.

२४ तारखेला दुपारी मी कामानिमित्त पार्ल्यात होतो. स्मशानभूमीच्या बाहेर पोलिसांनी अडथळे लावले होते, गाडी आली की शंभर हात वर जात, आणि काही पोरे काचेला मोबाइल चिकटवत होती. समोरच्या फुटपाथवर साठीचा एक माणूस, बहुधा रिक्षाचालक, कारण खाकी शर्ट होता, चपला काढून हात जोडून उभा होता. फाटकाकडे जायचा त्याने प्रयत्नही केला नाही. काही वेळाने त्याने चपला घातल्या आणि तो गर्दीतून निघून गेला. तुला दर्शन मिळाले नाही म्हणून तू खट्टू झालास, तेव्हा मला तो माणूस आठवला.

८ डिसेंबरला धर्मेंद्र यांना नव्वद वर्षे झाली असती, तेव्हा जुहूला घरासमोर हार घेऊन उभे राहायचे तुझ्या मनात आहे. अवश्य ये, माझ्याकडेच उतर. मी सोबत येईन. मात्र हार फाटकापाशी ठेवू, वर गॅलरीकडे पाहत थांबणार नाही आणि फोटो काढणार नाही. तिथून समुद्रावर जाऊ.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मित्र