बटाट्याचे वाण तोलायचे, तर तराजू एकच हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतल्या गच्चीवरच्या बागेच्या सदरात सध्या घरच्या बटाट्याचे आकडे येत आहेत. कोणी घोडबंदर रोडवरून एका पिशवीत तीन किलो ‘पुखराज’ वाणाचे बटाटे निघाल्याचे कळवतो, कोणाची खारघरमध्ये ‘ज्योती’ अर्ध्या किलोवर बोळवण करते, आणि त्यावरून पुखराज सरस असा निकाल लागतो. पिशवी केवढी होती, बेणे (लावायचा बटाटा) किती ग्रॅम घातले, लागवड कोणत्या तारखेची, काढणी कितव्या दिवशी, वजन धुऊन केले की मातीसकट, यातले काहीच आकड्यासोबत नसते. अशा आकड्यांवरून वाण ठरवणे म्हणजे नुसती हवा.

आधी शेतातला हिशेब पाहू. देशातले बटाट्याचे सरासरी उत्पादन हेक्टरी २५ टनांच्या आसपास आहे, म्हणजे चौरस मीटरला अडीच किलो. शेतात दोन ओळींत ६० आणि दोन झाडांत २० सेंटिमीटर अंतर ठेवतात, त्यामुळे चौरस मीटरमध्ये आठ-सव्वाआठ झाडे बसतात. भागाकार केला की झाडामागे ३०० ग्रॅम येतात. आता गच्चीवरची १५ बाय १५ इंची पिशवी घ्या. तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ ०.११ चौरस मीटर भरते. शेतातल्या एका झाडाच्या वाट्याला येते ०.१२. म्हणजे एवढी मोठी, ४० लिटर माती खाणारी पिशवीसुद्धा एकाच झाडाची जागा आहे. पिशवीला बाजूंनीही ऊन मिळते आणि पाला कडेबाहेर पसरतो, म्हणून ४०० ते ६०० ग्रॅम ही चांगली काढणी मानावी. सगळे जमून आले तर किलोभर. तीन किलोंचा दावा आला, की पिशवीचे माप आधी विचारावे.

त्याच पिशवीत हौसेने चार-चार तुकडे खोचले जातात. खोडे वाढतात, तसे बटाट्यांचे नग वाढतात, पण जागा, ऊन आणि पाणी तेवढेच राहते. मग निघतात त्या गोट्या. शिवाय बेणेही वजनात धरायला हवे. समजा एकाने १६० ग्रॅम बेणे घालून ८०० ग्रॅम काढले आणि दुसऱ्याने ४० ग्रॅम घालून ५०० ग्रॅम. पहिल्याला पाचपट मिळाले, दुसऱ्याला साडेबारापट. छापताना मात्र पहिलाच जिंकतो.

वाणाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, आपल्याकडे लागवडीची तारीख बोलते. बटाट्याची गाठ धरते ती रात्रीच्या गारव्यावर. रात्रीचा पारा १५ ते २० अंशांत असला की खोडाच्या जमिनीखालच्या फुटव्यांची टोके फुगतात. तो २०-२२ च्या वर राहिला तर झाड पाला वाढवत बसते आणि खाली काही साठवत नाही. ठाणे-नवी मुंबईत असा गारवा डिसेंबर आणि जानेवारीत मिळतो. नोव्हेंबरच्या रात्री काठावरच्या, फेब्रुवारी संपता संपता दुपार पुन्हा तापू लागते. कोंब वर यायला १० ते १५ दिवस आणि त्यानंतर गाठ धरायला तीन-चार आठवडे धरले, तर ५ ते २० नोव्हेंबरमधली लागवड बरोबर गारव्यात येते. ऑक्टोबर हीटमध्ये लावलेल्या झाडाचा पाला बघत राहावा असा होतो, खाली मात्र सुपारीएवढे चार दाणे. जून-जुलैचा तर विषयच नको. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगावच्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो, कारण तिथली उंची आणि हवा वेगळी. ते पाहून कळव्यात किंवा ऐरोलीत जुलैत बेणे पुरले, तर ते पिशवीतच कुजते.

आता वाणांकडे येऊ. ‘कुफ्री’ आडनावाचे सगळे वाण सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे. आपला गारवा जेमतेम अडीच महिन्यांचा, त्यामुळे ७५ ते ९० दिवसांत पदरात पडेल तोच वाण कामाचा. या चाळणीतून ‘कुफ्री सिंदुरी’ (१९६७) आधीच गळतो. लाल सालीचा, खोल डोळ्यांचा, टिकाऊ बटाटा, पण त्याला ११० ते १२० दिवस लागतात. ‘चिप्सोना-१’ (१९९८) वेफर्सला उत्तम, पण तोही शंभरी ओलांडतो. आपल्याकडे तो फेब्रुवारीच्या मध्यावर अर्धवट काढावा लागतो आणि मग वाणाला नाव ठेवले जाते.

‘पुखराज’ (१९९८) लवकर फुगतो, पिवळसर साल आणि पिवळा गर, नगही मोठे. ७५ व्या दिवशी सगळे वाण एकत्र उपटले तर वजनात तो पुढे असणारच. मात्र त्यातले बरेचसे वजन पाण्याचे. रस्सा-भाजीत फोडी अख्ख्या राहतात, ही त्याची जमेची बाजू. वड्याच्या सारणाला तो चिकट होतो आणि काचऱ्या कुरकुरीत होत नाहीत. ‘कुफ्री ज्योती’ (१९६८) आकाराने लांबट, उथळ डोळ्यांची, सोलायला सोपी. तिला ९० ते १०० दिवस हवेत, म्हणून तिला ७५ व्या दिवशी तोलणे हा अन्याय. एकेकाळी करप्याला (पाला काळा पाडून जाळणाऱ्या रोगाला) दाद न देणारी म्हणून तिचा लौकिक होता, आता तसे राहिलेले नाही. ‘चंद्रमुखी’ (१९६८) चवीला सरस आणि ८०-९० दिवसांत तयार होते, पण करप्याला नाजूक, आणि घरचे बेणे वापरले तर फार लवकर खंगते.

आमच्या मते या किनारपट्टीला सर्वांत जवळचा वाण ‘कुफ्री सूर्या’ (२००६). इतर वाण हात टेकतात अशा उबदार रात्रींतही त्याने गाठ धरावी, म्हणूनच तो तयार केला. त्याच्या आईबापांपैकी एक ‘कुफ्री लवकर’ (१९७२), आपल्या पठारी भागासाठी काढलेला, उष्णता सोसणारा आणि झटपट येणारा वाण. त्याचे बेणे आता सहज हाती लागत नाही. सूर्याचे नग लांबट, गर फिकट पिवळा, आणि तुडतुड्यांनी पाने करपण्यालाही तो बऱ्यापैकी तोंड देतो. ज्या वर्षी डिसेंबर उबदार जाईल, त्या वर्षी पुखराज आणि सूर्या शेजारी लावून पाहावेत. थंडी चांगली पडली तर पुखराज वजनात पुढे जाऊ शकतो. म्हणून एका हंगामावर निकाल देऊ नये.

बेण्याचे वय हा तुलनेतला छुपा चोर आहे. पंजाबातले बेणे जानेवारी-फेब्रुवारीत काढून शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवतात. ते बाहेर आल्यावर लगेच पिशवीत घालू नये. गार बटाट्याला आपल्या दमट हवेत घाम सुटतो आणि सड लागते. वर्तमानपत्रावर एका थरात, उजेड असलेल्या पण ऊन नसलेल्या जागी १० ते १५ दिवस पसरावे. कोंब एक-दीड सेंटिमीटरचे, जाड, हिरवट-जांभळे झाले की लावावे. ओट्याखालच्या अंधारात वाढलेले पांढरे, लांब, दोऱ्यासारखे कोंब हात लावताच मोडतात. बेण्याला एकच शेंड्याचा कोंब आला असेल तर तो खुडावा, म्हणजे बाकीचे डोळे फुटतात. एका वाणाचे बेणे तीन कोंबांचे आणि दुसऱ्याचे एका कोंबाचे असेल, तर तुम्ही कोंब मोजताय, वाण नव्हे.

३० ते ४० ग्रॅमचा अख्खा बटाटा सर्वांत सुरक्षित. मोठा कापायचाच असेल तर तुकड्याला दोन-तीन डोळे ठेवावेत आणि सावलीत दोन-तीन दिवस जखम सुकू द्यावी. ओला तुकडा ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) घातला की आठवड्यात वास मारतो. भाजीवाल्याकडचा बटाटा बेणे म्हणून वापरू नये. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माल आग्रा, इंदूर, तळेगाव अशा गावांच्या नावाने ओळखला जातो. त्यातला वाण कोणता हे कळत नाही, बऱ्याच मालाला मोड येऊ नयेत म्हणून औषधाची धुरी दिलेली असते, आणि विषाणू किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

पिशवी भरताना नर्सरीची लाल माती ४० टक्के, पूर्ण कुजलेले खत ३० टक्के, कोकोपीट ३० टक्के. लाल माती एकटी वापरली तर ती दगडासारखी बसते आणि बटाटे वेडेवाकडे होतात. ताजे शेण आणि चुना दोन्ही टाळावेत, नाहीतर सालीवर खवले येतात. खताबाबत तर हात फारच सैल असतो. शेतासाठी हेक्टरी १२० किलो पालाश (पोटॅश) सांगतात. पिशवीच्या क्षेत्रफळाला त्याचा हिशेब दीड ग्रॅमही होत नाही, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश तीन ग्रॅम, अर्धा-पाऊण चमचा. युरिया तर घालूच नये, पाला माजतो आणि गाठ धरणे लांबते.

बेणे पिशवीच्या तळापासून साधारण पाच-सहा इंचांवर ठेवून वर तीन-चार इंच माती घालावी. झाड वीतभर झाले की, म्हणजे २५-३० दिवसांनी, पाच-सहा इंचांची भर द्यावी. भर हवी ती बटाटे उघडे पडून हिरवे होऊ नयेत म्हणून. हिरव्या बटाट्यात सोलॅनिन हे विष वाढते, तो खाऊ नये. पिशवी वरपर्यंत भरत गेले की मजल्यागणिक बटाटे लागतात, हा समज व्हिडिओंनी पसरवला आहे. आपल्या लवकर येणाऱ्या वाणांत बटाटे बेण्याच्या आसपासच लागतात, वरचे थर रिकामेच निघतात.

गच्चीवर पिशवीच तापते. काळी पिशवी पश्चिमेच्या कठड्याला टेकवून ठेवली की दुपारी तिची माती झाडाला सोसवत नाही. पाल्याला ऊन आणि पिशवीला सावली असे हवे. बाजूने गोणपाट गुंडाळावे, वर पेंढा किंवा सुका पाला घालावा. एका वाणाच्या सगळ्या पिशव्या एकाच कोपऱ्यात ठेवल्या तर ती कोपऱ्याची तुलना होते. वाणामागे किमान तीन पिशव्या घेऊन त्या मिसळून ठेवाव्यात आणि दर आठवड्याला जागा बदलावी. उचलताना कंबर सांभाळा, भिजलेली पिशवी ४० किलोंच्या वर जाते. सोसायटीच्या कमिटीलाही गच्चीवरच्या भाराची काळजी असते आणि ती रास्त आहे. पिशव्या मधोमध न मांडता तुळई आणि भिंतींच्या रेषेवर ठेवाव्यात.

पाणी बेतात आणि नियमित. चार दिवस कोरडी, मग घमेलंभर पाणी असे केले की बटाट्याला तडे जातात किंवा एका बटाट्यातून दुसरा फुटतो. पाने उलटी वळून खालून तांबूस-चकचकीत झाली तर कोळी समजावी. पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. झाड हिरवेच असताना अचानक मान टाकते तो मर रोग. त्याला औषध नाही. पिशवी बाजूला काढावी आणि ती माती टोमॅटो, वांगी, मिरची यांना पुन्हा वापरू नये. नवी मुंबईतल्या खाडीकाठच्या नोडमध्ये (वसाहतींत) दव जास्त पडते. तिथे ढगाळ हवा आली तर करप्यावर लक्ष ठेवावे.

काढणीआधी ८-१० दिवस पाणी तोडून पाला कापावा. अंगठ्याने घासून साल निघाली नाही, की काढावे. माती झाडून, धुऊ नये, एक दिवस सावलीत ठेवून मग वजन करावे. ५० ग्रॅमच्या वरचे, २५ ते ५० चे आणि त्याखालचे असे तीन ढीग वेगळे तोलावेत. हिरवे आणि तडकलेले वजा करावेत. गर कसा आहे हे पाहायला लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम मीठ विरघळवून बटाटे त्यात सोडावेत. साधारण २० टक्क्यांहून जास्त घट्ट ऐवज (पाणी वगळून उरणारा भाग) असलेला बटाटा बुडतो, तो वड्याला आणि वेफर्सला. तरंगणारा रश्श्याला. पुखराज बहुधा तरंगेल, चिप्सोना पूर्ण तयार झालेला असेल तर बुडेल.

आपल्या सदराने यापुढे आकड्यासोबत पाच गोष्टी छापाव्यात, ही विनंती: पिशवीचे माप, बेण्याचे वजन, लागवडीची तारीख, काढणीचा दिवस आणि ५० ग्रॅमच्या वरच्या बटाट्यांचे वजन. खात्रीचे बेणे ५० किलोंच्या गोणीत येते, घरगुती बागेला लागते दोन किलो. मंचरच्या बाजारातून किंवा बियाणे विक्रेत्याकडून दोन-तीन सोसायट्यांनी मिळून ऑक्टोबरच्या अखेरीस एक गोणी उचलली, तर वाण आणि वय दोन्ही सगळ्यांकडे सारखे राहतील. घरचे बटाटे मात्र पुढच्या वर्षीच्या बेण्यासाठी राखू नयेत. एप्रिल-मेच्या उकाड्यात ते सुकतात, पाकोळीची अळी त्यांना आतून पोखरते, आणि माव्याने आणलेला विषाणू दुसऱ्या वर्षी पाने चुरडून दाखवतो. खाऊन टाकावेत.

आपले,
गच्चीवर भाजीपाला पिकवणारे काही वाचक,
कोपरखैरणे, नवी मुंबई