हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तिथी पाहूनच करावी

माननीय संपादक,

महाशिवरात्रीला हरिहरेश्वरला गर्दी लोटते. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, निघताना पुन्हा काळभैरव, हा दर्शनाचा क्रम बहुतेकांना ठाऊक असतो. काळभैरव इथला क्षेत्रपाल, त्याला डावलून पुढे जायचे नाही. ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वतीची लिंगे, पेशव्यांचे कुलदैवत, ‘दक्षिण काशी’ हे नाव, हेही कानावर आलेले असते. प्रदक्षिणेची वेळ मात्र फार थोडे विचारतात, आणि जिवावर बेतते ते तिथेच.

प्रदक्षिणेसाठी देवळामागची टेकडी चढून, खिंडीतल्या अरुंद पायऱ्या उतरल्या की पाय थेट समुद्राच्या कातळावर पडतो. एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला पाणी. खारे तुषार दगडात मुरतात, सुकताना मिठाचे खडे धरतात आणि दगडाचे कण उखडतात. त्यामुळे कड्याला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे. ती न्याहाळत माणसे रेंगाळतात, तेवढ्यात खाचांतून पाणी मागे शिरते.

कोकणातला हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरती किती वाजता ती वेळ, त्यानंतर सुमारे सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात तिथी पुन्हा 1 पासून मोजायची. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला, म्हणजे 14 ची पाऊणपट साडेदहा. नेमकी दर्शनाची झुंबड असते तेव्हा समुद्र भरलेला, आणि त्यातही उधाणाच्या दिवसांतला! सुकती दुपारी साडेचारच्या आसपास. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून पाणी उतरत असतानाच निघावे आणि ते वळायच्या आत वर यावे. भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सर्वांत वेगाने चढते. पावसाळ्यात लाटांपुढे हा हिशेब चालत नाही. तेव्हा खाली उतरूच नये.

खाली खूणही दिसते. कातळाला कालवे चिकटलेली असतील, हिरवे शेवाळ असेल, तिथवर पाणी रोज येते. त्या पट्ट्यात उभे राहून फोटो काढू नयेत.

‘भरतीत जाऊ नये’ एवढ्या सूचनेने परगावच्या माणसाला काही कळत नाही. देवस्थान आणि ग्रामपंचायतीने पायऱ्यांच्या तोंडाशी फळा लावून त्यावर रोजची तिथी, भरती-सुकतीच्या वेळा आणि शेवटचा माणूस किती वाजेपर्यंत सोडायचा ती वेळ खडूने लिहावी. त्या वेळेनंतर खिंडीत दोर बांधावा.

– एक वाचक, श्रीवर्धन तालुका