पाण्यात उतरण्यापूर्वी

पुणे, रविवार रात्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी तलावावर तुझ्या मित्रांसमोर तुला दंडाला धरून मागे ओढलं आणि ओरडलो. येताना लकडी पुलावर, मग अलका चौकाच्या सिग्नलला, तू एक शब्द बोलला नाहीस. चारचौघांत ओरडलो याचं वाईट वाटतंय. थांबवलं याचं अजिबात नाही. का थांबवलं ते तिथेच नीट सांगायला हवं होतं, म्हणून आता लिहितोय.

काठावर बसून तू आजीच्या कपालभातीसारखा वीस-पंचवीस वेळा भसाभस श्वास घेत होतास आणि मग एका दमात पाण्याखालून पलीकडच्या भिंतीला हात लावणार होतास. ‘बाबा, ऑक्सिजन भरून घेतोय,’ म्हणालास. तुझ्याएवढा असताना मीही हेच समजत होतो.

मघाशी तुझ्या खोलीत डोकावलो. पालथा झोपला आहेस, एक हात पलंगाखाली लोंबतोय. घड्याळ बघून मोजलं, मिनिटाला सोळा श्वास. तू गाढ झोपेत, तरी एकही चुकला नाही. तुझ्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला मस्तिष्कपुच्छ म्हटलंय, त्या मेंदूच्या देठात काही हजार पेशींचा एक पुंजका आहे. हा ठेका तो धरतो. शास्त्रज्ञांनी तो नेमका हुडकला १९९१ साली. तिथला निरोप मणक्यातून मानेपर्यंत उतरतो आणि तिथल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या नसांच्या धाग्यांतून श्वासपटलाला पोचतो. पटल खाली सरकलं की छाती भरते, सैल पडलं की हवा आपली आपण बाहेर जाते.

पण हा ठेका कधी वाढवायचा, हे ठरतं कशावरून? मला वाटायचं, ऑक्सिजन कमी पडला की. तसं नाही. मुख्य पहारा कार्बन डायऑक्साइडवर आहे. रक्तात तो जरासा वाढला की मेंदूभोवतीच्या द्रवाची आम्लता वाढते आणि तिथल्या पेशी लगेच घंटा वाजवतात. दम कोंडून धरल्यावर छातीत जी तगमग होते, पोट आतून उचंबळतं, ती बहुतेक हीच घंटा. ऑक्सिजनवर नजर ठेवणाऱ्या गाठीही आहेत, गळ्यात दोन्ही बाजूंना, धमनीला फाटा फुटतो तिथे, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्यांचं काम उलगडल्याबद्दल बेल्जियमच्या कॉर्नेल हेमन्स यांना १९३८चं नोबेल मिळालं. पण ऑक्सिजन बराच उतरेपर्यंत त्या फारशा बोलत नाहीत, आणि कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर त्यांचा आवाज आणखी क्षीण होतो.

आता तुझे ते पंचवीस श्वास बघ. साधा श्वास घेतानाही तुझ्या रक्तातलं हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलंच असतं. त्यात आणखी भरणार किती? कार्बन डायऑक्साइड मात्र भराभर बाहेर जातो. बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं असं तू म्हणालास ना, ते त्यामुळेच. तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे ऑक्सिजन होता तेवढाच राहिला आणि घंटा तेवढी काढून ठेवलीस. पाण्याखाली हातपाय मारताना ऑक्सिजन झपाट्याने संपतो, पण कार्बन डायऑक्साइड आधीच इतका खाली गेलेला असतो की घंटा वाजायच्या आत शुद्ध हरपते. मग शरीर आपल्या सवयीने श्वास घेतं, आणि आत जातं ते पाणी.

हे मी पाहिलंय. सासवडकडे आजोळी उन्हाळ्यात आम्ही विहिरीत तळाचा गाळ मुठीत आणायची पैज लावायचो. माझा मामेभाऊ पट्टीचा पोहणारा. त्या दिवशी तो पायरीवर बसून तुझ्यासारखाच श्वास घेत होता. दोनदा गाळ घेऊन आला. तिसऱ्यांदा आला तो उताणा, अगदी शांत, ओठ जांभळे, आणि मूठ घट्ट मिटलेली. गाळ बोटांच्या फटींतून पाण्यात पसरत होता. धडपड नाही, ओरडणं नाही. आम्हाला वाटलं, मजा करतोय. मामा धोतरानिशी उडी मारून आत गेला म्हणून तो वाचला. संध्याकाळी शुद्धीवर येऊन बोलायला लागला तेव्हा म्हणाला, ‘काहीच त्रास झाला नाही रे. उलट छान वाटत होतं.’ पस्तीस वर्षं झाली, ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आजीचं काय, असं विचारशील. आजी सतरंजीवर बसून करते. घेरी आली तर भिंतीला टेकते. पाण्यात टेकायला भिंत नसते.

पोहणं सोडू नकोस, बुडी मारणंही सोडू नकोस. फक्त आधी श्वास पळवायचा नाही, साधे दोन-तीन घेऊन उतरायचं. तगमग सुरू झाली की वर यायचं, ती दाबायची नाही. आणि एकट्याने कधीच नाही; एक जण पाण्याखाली असेल तर दुसऱ्याने काठावरून त्याच्यावरची नजर हलवायची नाही. तुझ्या मित्रांनाही हे सांग, तू सांगितलेलं ते ऐकतील.

उद्या सहाला मी येतो तुझ्याबरोबर. पोहून झाल्यावर त्या दोघांना घरी घेऊन ये, आईला पोहे करायला सांगून ठेवलंय.

तुझे,
बाबा