हापूससाठी परदेशाची दारे उघडी राहावीत म्हणून

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशी व्यापार आणि परराष्ट्र संबंध हे दिल्लीचे विषय आहेत असे समजून कोकणातील लोकप्रतिनिधी त्यांकडे फारसे लक्ष देत नाहीत, आणि खरे सांगायचे तर आम्ही बागायतदारही देत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या आंब्याचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर मात्र ही समजूत किती महाग पडते हे ध्यानात येते. म्हणून हे पत्र.

अमेरिकेने 1989 पासून भारतीय आंब्याला बंदी घातली होती, आणि तिचे मुख्य कारण कोयीत लपणारा कोयकिडा हे होते. 2 मार्च 2006 रोजी दिल्लीत पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्यासोबतच्या पत्रकार परिषदेत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी भारतीय आंबे खाण्यास अमेरिका उत्सुक असल्याचे जाहीरपणे सांगितले. पाहुण्याचे सौजन्य म्हणून ते वाक्य विरून गेले असते. पण त्यामागे दोन्ही देशांच्या कृषी खात्यांचे काम चालू होते. फळावर किमान 400 ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतके विकिरण, म्हणजे किरणांचा मारा, केला तर किडीचा धोका राहत नाही हे तत्त्व अमेरिकेने मान्य केले, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला उभारलेले विकिरण केंद्र त्यासाठी उपयोगी पडले. एप्रिल 2007 मध्ये हापूस आणि केसरच्या 150 पेट्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच महिन्यात भारताने हार्ले-डेव्हिडसनसारख्या मोठ्या मोटारसायकलींच्या आयातीची अट सैल केली. आपण काही द्यावे आणि काही घ्यावे, यात मला वावगे काहीच दिसत नाही. जपाननेही 1986 पासूनची बंदी 2006 मध्येच उठवली. तिथे उष्णबाष्प प्रक्रियेची, म्हणजे गरम वाफेने फळातली कीड मारण्याची, अट होती.

निर्यात होणारा आंबा एकूण उत्पादनाच्या मानाने थोडाच आहे, मग त्याचे एवढे कौतुक कशाला, असे अनेकजण विचारतात. माझे उत्तर अनुभवाचे आहे. वडिलांच्या काळात पेट्या ट्रकमध्ये चढल्या की आमचा संबंध संपत असे. दर काय मिळाला ते दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आल्यावर कळत असे, आणि पट्टीवर वाद घालण्याची सोय नव्हती. मँगोनेटमध्ये, म्हणजे निर्यातीच्या आंबा बागांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, बागेची नोंद केल्यापासून फवारणीची वही ठेवावी लागते, फळमाशीचे सापळे लावावे लागतात, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट फळ उतरवावे लागते, आणि चीक न लागता, डाग न पडता ते पॅकहाऊसपर्यंत न्यावे लागते. ही शिस्त एकदा अंगवळणी पडली की ती फक्त लंडन-दुबईच्या पेटीपुरती राहत नाही. पुण्याच्या ग्राहकाला थेट पाठवलेल्या पेटीलाही त्यामुळे चार पैसे जास्त मिळतात. वाडीतल्या ज्या मुली पूर्वी हंगाम संपला की कामासाठी बाहेर पडत, त्यांतल्या काहीजणी आज प्रतवारीत इतक्या तयार झाल्या आहेत की फळाचे वजन हातावरच सांगतात. परदेशी व्यापाराचा प्रदेशाला होणारा फायदा मोजताना ही कमाईसुद्धा धरली पाहिजे.

दार बंद झाले की काय होते, तेही आपण पाहिले आहे. भारतातून गेलेल्या मालात फळमाशी सापडल्याने युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांवर बंदी घातली. मे महिना म्हणजे आमचा ऐन हंगाम. बंदी डिसेंबर 2015 पर्यंत चालणार होती. पण इकडे तपासणी आणि प्रक्रियेची व्यवस्था सुधारली, तिकडे ब्रिटनमधील भारतीय दुकानदार आणि लेस्टरचे खासदार कीथ वाझ यांनी आंब्याची बाजू जाहीरपणे लावून धरली, आणि जानेवारी 2015 मध्येच आंब्यापुरती बंदी उठवण्याचा निर्णय झाला. परदेशातल्या आपल्या माणसांचे वजन कसे कामी येते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. तिथल्या महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवाइतकीच आस्था हापूसच्या हंगामाबद्दल दाखवली, आणि दूतावासांनी त्यांना हाताशी धरले, तर त्याचा उपयोग थेट आमच्या बागांना होईल.

अमेरिकेला जाणाऱ्या फळाचे विकिरण त्यांच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली होते; करोनाच्या काळात ते येऊ न शकल्याने 2020 आणि 2021 या दोन हंगामांत तिकडची निर्यात बंद राहिली. नोव्हेंबर 2021 च्या भारत-अमेरिका व्यापार धोरण मंचाच्या बैठकीनंतर आपल्या आंबा-डाळिंबाच्या बदल्यात त्यांच्या चेरीला आणि अल्फाल्फा चाऱ्याला वाट मिळाली. आंबा पुन्हा निघालाच, शिवाय मार्च 2025 मध्ये महाराष्ट्राचे भगवा डाळिंब समुद्रमार्गे न्यूयॉर्कला पोहोचले. विमानभाड्यापुढे हतबल झालेल्या सांगोल्याच्या शेतकऱ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आणि लगेच मे 2025 मध्ये वाशीला विकिरण झालेल्या आंब्याच्या 15 खेपा अमेरिकी विमानतळांवर नाकारल्या गेल्या. फळात कीड नव्हती. आक्षेप कागदपत्रांतील त्रुटीवर होता. माल परत आणणे परवडणारे नसल्याने तो तिथेच नष्ट करावा लागला. वर्षानुवर्षांच्या वाटाघाटीने मिळवलेली जागा एका कागदापायी कशी डळमळते, हे यातून दिसले.

राज्य शासनाकडे माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. ज्या देशांत आपला आंबा जातो त्यांचे नियम डिसेंबरपूर्वी, मोहोर फुलत असताना, मराठीत छापून प्रत्येक कृषी सहायकाच्या हाती द्यावेत, कारण एप्रिलमध्ये कळलेल्या नियमाप्रमाणे फेब्रुवारीतली फवारणी बदलता येत नाही. केंद्राच्या व्यापार वाटाघाटींत कोकणाची बाजू मांडणारा एक जाणकार अधिकारी कायम नेमावा आणि दर दोन वर्षांनी त्याची बदली करू नये. आणि अमेरिकेला जाणारे फळ विकिरणासाठी सव्वातीनशे किलोमीटरवरच्या वाशीला न्यावे लागू नये, म्हणून रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात तशी सोय व्हावी. हापूसच्या भौगोलिक मानांकनाला 2018 पासून पाच जिल्ह्यांचे नाव जोडलेले आहे. त्यांतल्या दक्षिणेकडच्या दोघांना ती सोय आजही घाट आणि महामार्गाची कामे पार करून गाठावी लागते.

आपला विश्वासू,
एक आंबा बागायतदार, ता. रत्नागिरी