गुण चित्राला नकोत, सेक्शनला द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वास्तुकलेच्या शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्ता यावी की नाही, या वादात आता अर्थ उरलेला नाही. ती आली आहे. मी हा विषय शिकवतो, म्हणून जे डोळ्यांसमोर घडते आहे ते लिहितो.

मागच्या ज्युरीत, म्हणजे विद्यार्थ्यांचे काम तपासण्याच्या बैठकीत, दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने वाचनालयाचे दृश्य लावले होते. दोन ओळींचे वर्णन देऊन संगणकाकडून काढून घेतलेले. लाकडी जिना, त्यावर उन्हाची तिरीप. पाहताक्षणी दाद द्यावी असे. मी सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापली तर आतून कशी दिसेल ते मापात दाखवणारा आराखडा, मागितला. मोजपट्टी लावली, तर जिन्याच्या मध्यावर डोक्यावर जेमतेम दीड मीटर जागा उरत होती, वरची बीम नेमकी तिथून जात होती. ती मुलगी कागदाकडे बघतच राहिली. आपलाच जिना ती पहिल्यांदा पाहत होती.

यात मी तिला दोष देत नाही. चित्रे काढून देणारे हे प्रोग्रॅम असंख्य छायाचित्रांवरून जिना दिसतो कसा, एवढेच शिकलेले असतात. दोन राइझर (पायरीची उंची) आणि एक ट्रेड (पाय ठेवायची रुंदी) मिळून साधारण ६०० ते ६४० मिलिमीटर भरले की पाय सहज पडतो, हे गणित त्या चित्रात कुठेच नसते. ते विद्यार्थ्याच्या हातात बसावे लागते, आणि सेक्शन पुन्हा पुन्हा काढल्याशिवाय ते बसत नाही.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. १९८२ साली संगणकावर आराखडे काढायचे ऑटोकॅड आले आणि ड्रॉइंग बोर्ड हळूहळू अडगळीत गेले; त्याने या व्यवसायाचे भलेच झाले. १९९७ साली उघडलेल्या स्पेनमधील बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयासाठी वास्तुकार फ्रँक गेरी यांच्या कार्यालयाने विमानांच्या रचनेसाठी बनलेले कॅटिया हे सॉफ्टवेअर वापरले, पण आधी हाताने मॉडेल केली आणि मग त्यांची मापे संगणकात घेतली. आजही ऊन-वारा तपासायला, एका प्लॅनचे दहा पर्याय ताडून पाहायला विद्यार्थ्यांनी ही साधने जरूर वापरावीत.

माझी कळकळीची विनंती परीक्षा घेणाऱ्यांना आहे. गुळगुळीत दृश्यावर गुण देणे थांबवा. स्केचबुक मागा, टाकून दिलेले पर्याय मागा, संगणकाला काय सांगितले तेही शीटवर लिहायला लावा. आणि एक सेक्शन तिथेच, समोर बसवून, पेन्सिलीने काढून घ्या. अर्धा तास पुरतो.

आपला,
वास्तुकलेचा एक शिक्षक