मॉप धुवायला शिकवणाऱ्या काकींना

काकी, नमस्कार.

चवथीचे पाहुणे परवा परतले. आज घर शांत आहे, म्हणून मनातलं लिहायला बसले.

जूनपासून अंगणातली तांबडी माती पावलोपावली घरात येत होती. मी दिवसातून दोनदा फिनाईल घालून लादी पुसायची, तरी लादी सुकली की कुबट वास यायचा. बाळ त्याच लादीवर रांगायचं. रडू यायचं मला. तुम्ही आलात, लादीकडे पाहिलंही नाहीत. कोपऱ्यातल्या बालदीतला मॉप उचलून हुंगलात आणि म्हणालात, "बाये, लादी बरी आसा, मॉपाक घाण मारता."

ओला मॉप रात्रभर बालदीतच उभा असायचा. दमटपणात त्यात जंतू वाढत होते आणि तेच मी घरभर फिरवत होते. हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या दुपारचं आठवलं की अजून हातपाय गार पडतात. ब्लीचच्या पाण्यात मॉप बुडवून, आणखी स्वच्छ निघेल म्हणून मी संडास धुवायच्या ॲसिडची बाटली उघडली होती. न्हाणीचं दार बंद, बाळ कडेवर. तुम्ही दार ढकलून माझं मनगट धरलंत. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरनेही तेच होतं. मी तर दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवायचे! काकी, त्या एका क्षणासाठी तुमचे आभार कसे मानू?

मग तुम्ही पदर खोचून स्वतः बसलात. आधी दोऱ्यांत अडकलेले केस काढलेत. साबणाच्या गरम पाण्यात मॉप भिजवून, पाणी नितळ येईपर्यंत खळबळलात. मग खिडकी उघडून अर्धी बालदी थंड पाण्यात अर्धी वाटी ब्लीच, मोजून १० मिनिटं. पुन्हा साध्या पाण्यातून काढून घट्ट पिळलात आणि दांडा खाली, दोरे वर असा पडवीत वाऱ्याला लावलात. ऊन नसलं तरी वारा पुरतो, हे तेव्हा कळलं. माडीवरच्या मायक्रोफायबरच्या मॉपाला मात्र ब्लीच लावू दिलं नाहीत, कपडे मऊ करायचं औषधही नाही. त्या औषधाने धाग्यांवर थर बसतो आणि मॉप पाणी शोषेनासा होतो. न्हाणीचा मॉप वेगळा ठेवायलाही तुम्हीच लावलंत.

चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली सगळे लादीवरच बसले होते. उदबत्तीचा आणि फुलांचा वास होता, दुसरा कसलाच नाही. सासूबाईंनी बाळाला बिनधास्त खाली सोडलं. मी आत जाऊन डोळे पुसून आले.

शनिवारी तुमचा मॉप न्यायला येते. गुडघा दुखत असताना तुम्ही पिळत बसायचं नाही.

तुमची,
शेजारची सून